मावशीच्या फ्रिजातली वाटी

मावशी गेली असा फोन आला, तेव्हा रडू येण्याआधी मला राग आला. महिना उलटला, तो अजून उतरलेला नाही. गिरणी संपाने जिला वाकवलं नाही, तिला एका शिळ्या घासाने न्यावं?

लालबागच्या चाळीत तिची खानावळ होती. संपात गिरण्या थंडावल्या, तिची चूल नाही. डाळ पातळ झाली, भाकरी अर्धी झाली, पण ताट वाफाळतंच हवं. कुणी घाई केली की म्हणायची, "वाफ येव दे आधी. थंड जेवण माणसाक वाढूचा नाय." उरलेलं मात्र तिचं. भांडी घासून झाली की उभ्याउभ्याच थंड खायची. अन्न टाकायचं नाही, हे संपाने तिच्या हाडांत मुरवलं होतं. विटलंय की नाही ते वासावरून ठरवायची, आणि तिचं नाक कधी चुकत नसे.

पुढे खानावळ बंद झाली. एकटी राहिली. सांधेदुखीसाठी रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घ्यायची. फ्रिज मीच घेऊन दिला आणि चारचौघांत मिरवलाही! त्यातलं तीन-तीन दिवसांचं ती तसंच खायची. "गरम तरी कर गं," म्हटलं, तर म्हणाली, "माझ्या एकटीसाठी गॅस कशाक जाळू? फ्रिजात आसा मरे, काय होवचा नाय." मी शहाणा, हसून सोडून दिलं.

मग ताप, आखडलेली मान, बरळणं... डॉक्टर म्हणाले, लिस्टेरिया. नेमका कशातून आला ते सांगता येत नाही. पण हा जंतू फ्रिजातही वाढतो, आणि वासाला, चवीला कळत नाही. धडधाकट माणूस बहुधा निभावतो. म्हातारी माणसं, स्टेरॉइडने किंवा आजाराने प्रतिकारशक्ती खचलेले, गरोदर बाईच्या पोटातलं मूल, यांच्या मात्र जिवावर बेततं. उरलेलं एक-दोन दिवसांत संपवा, आतपर्यंत वाफाळेल इतकं तापवा, धोका बराच टळतो. "मग गोळ्या लिहून देताना हे कुणी का नाही सांगितलं?" मी वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडलो. चीड तिचीही आली. जगाला वाफ आणि स्वतःला गारढोण!

तेराव्यानंतर फ्रिज रिकामा करायला गेलो. मागच्या बाजूला झाकलेली वाटी होती, कोलंबीचं सुकं. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची रे. तू आलास की गरम करून वाढणार होती. नाही आलास की मग तीच संपवायची, दोन-चार दिवसांनी."

ती आजारी पडण्याआधीचे सलग सहा आठवडे मी फोनवर तिला सांगत होतो, "या रविवारी नक्की येतो."