भाऊजींचा घट्ट सिलिंडर

भाऊजींच्या अंगाला बारा महिने एरंडेलाचा वास यायचा. भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. गोंदियाच्या तंत्रशाळेत लेथ शिकवून निवृत्त झाले आणि नवेगाव बांध या गावी आमच्याकडे राहायला आले. मागच्या पडवीत ते छोट्या विमानांची मुठीएवढी इंजिनं घडवत. इंधनात एरंडेल असे. धूर निघाला की शेजारची पोरं जुलाबाच्या आठवणीने नाक दाबून पळत. "पळा रे, वैद्य आला!" भाऊजी मागून ओरडत.

कोणी खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. "वहिनी, आतमध्ये पेट खरा होऊन राहिला नं? मंग खेळणं कायचं?" इंधन पेट घेतं ती जागा, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यातली वाटी, ते माझ्यासमोर धरत. काठाशी चपटी, मधे खोल. काठावरचं मिश्रण दाबलं जाऊन मधल्या तापल्या तारेकडे धावलं पाहिजे, असा तिचा घाट. मे महिन्यात आपल्याकडची हवाच अशी तापते की पेट वेळेआधी होतो. मग डोक्याखाली ते एक पातळ चकती वाढवत. "माणसाले दुपट्टा, याले चकती."

पण खरा जीव सिलिंडरच्या नळीत. ती वरच्या टोकाला ते केसभर अरुंद ठेवत. थंड इंजिनाचा पंखा हाताने फिरवला की आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर जाऊन अडे. इंजिन चाललं की नळीचं वरचं टोक जास्त तापून फुगे आणि दट्ट्या नेमका बसे. बघणारा हमखास म्हणे, "काका, अडकून राहिलं, थोडं घासा नं."

"घासू नोको रे! अडते म्हणून तं चालते."

एका वर्षी दिवाळीनंतर धान कापलेल्या बांधीत ते नवं इंजिन घेऊन गेले. तुमचे आजोबा आणि मीही सोबत होतो. बराच वेळ पंखा फिरवला, पेट होईना. मी बोट लावून पाहिलं. पंखा कुठेही न अडता गरगर फिरला.

"वर अडून राहिलं होतं, वहिनी. घासून काढलं," भाऊजी खुशीत म्हणाले. "पाहा, कसं मोकळं फिरते!"

तुमच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

"पण भाऊजी, तापल्यावर काय होईल?"

"काय होईल?" त्यांनी मलाच विचारलं.

डॉक्टरांनी त्या विसरण्याला पुढे नाव दिलं. आम्हाला ते बांधीतच कळलं होतं. हत्यारांची नावं गेली, मग माणसांची. सख्ख्या भावाला ते "साहेब" म्हणू लागले.

भाऊजी गेले त्याच्या आदल्या दुपारी मी उशाशी बसले होते. "विमान उडून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग आवाज काऊन नाही येत?"

"दूर गेलंय, भाऊजी. तलावापलीकडे."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तेल सरलं असंल, बाई. भेऊ नोको. आता हळूच उतरते ते."