मावशीचं लावणीचं गाणं

भात लावताना माझी मावशी गायची. भाजे गावच्या खाचरांत आम्ही बायका रांगेनं वाकून रोपं खोचत मागं सरकायचो. ती एक ओळ टाकायची, आम्ही उचलायचो. त्या गाण्यात चिखलानं कुजलेली पायाची बोटं असत, बांधावर रडणारं तान्हं असे आणि त्याला पाजायला न सोडणारा मालक असे. खरा मालक छत्री धरून बांधावरच उभा असायचा, ऐकून न ऐकल्यासारखा.

एका पावसाळ्यात सिनेमावाले आले. राबणाऱ्या बायकांच्या हालांवर त्यांना सिनेमा काढायचा होता. दिग्दर्शक मनानं चांगला माणूस. बांधावर उकिडवा बसून त्यानं सगळं गाणं ऐकलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

"मावशी, हे लोकांपर्यंत पोचलं पाहिजे."

"पोचू द्या की. हितं कोन ऐकतंय आमचं?"

पुढं कामशेतला तंबूत तो सिनेमा लागला. आम्ही सगळ्या बैलगाडीनं गेलो. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसली होती. पडद्यावर आमचीच खाचरं दिसली आणि आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसलं. मग नायिका गाऊ लागली. शब्द मावशीचेच, पण चाल नाचाची. नायिका ओलीचिंब, आणि कॅमेरा तिच्या अंगावरून हलेना. तान्ह्याला पाजायची ओळ आली तेव्हा तर तंबूभर शिट्ट्या झाल्या. मावशीनं पदर तोंडावर ओढला. शेवटी सिनेमातल्या मालकाला चोप बसला. पुढं खुर्चीवर बसलेल्या आमच्या मालकानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

आम्ही गाडीनं परत निघालो. कामशेत मागं पडल्यावर मावशी म्हणाली, "शब्द समदं माजंच व्हतं गं. पन कुनाला कायच लागलं न्हाई."

पुढच्या लावणीला मालकच बांधावरून हसत ओरडला, "अगं, ते सिनेमातलं म्हण की!"

मावशीनं मान वर केली नाही. त्या वर्षी आम्ही मुक्यानंच भात लावलं. नंतरही ती कधी गायली नाही.

माझं लग्न होऊन मी लोणावळ्याला आले. एकदा माहेरी गेले तेव्हा मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "मावशी, एकदा म्हण ना. तुज्या चालीवर."

तिनं सूप खाली ठेवलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली. निघाली ती सिनेमाची चाल. ती थांबली. पुन्हा धरून पाहिलं, पुन्हा तीच. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "माजी चाल तुला येती का गं? सांग की."

मलाही येत नव्हती.