मोरूचा वर राहिलेला हात

रविवारी सकाळी मोरूच्या सुनेचा, वैदेहीचा फोन आला. "काका, आज बाबा येणार नाहीत," एवढंच म्हणाली आणि थांबली. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "का? आज काय नवीन बहाणा काढला त्याने?" ती म्हणाली, "बाबा गेले, काका. पहाटे, झोपेतच." त्या माझ्या वाक्याची लाज मला अजून वाटते. पण खरं सांगतो, त्या वेळी मोरूबद्दल माझ्या मनात संशयच होता. शेवटचं दीड वर्ष तो माझ्याशी खोटं बोलत होता अशी माझी खात्री झाली होती. का बोलतो, एवढंच काढून घ्यायचं बाकी होतं, आणि हा बेटा ते न सांगताच गेला.

मी जातीचाच संशयी. नागपूरहून बदली होऊन बनारसला आलो, बँकेत सगळी नोकरी लोकांच्या सह्या ताडून बघण्यात गेली. मोरूची ओळखही तशीच झाली. दुर्गाघाटावरचा, पिढीजात वैदिक घराण्यातला, संस्कृत शिकवणारा माणूस. चेकवरची सही कार्डावरच्या सहीशी जुळेना म्हणून मी त्याला परत पाठवलं. "अहो, मी खुद्द समोर उभा आहे ना," तो म्हणाला. "तुम्ही आहात, सही नाही," मी म्हटलं. दुसरा असता तर मॅनेजरकडे गेला असता. हा खो खो हसला आणि म्हणाला, "गुरू, तुम्ही तर आमच्या वडिलांसारखे आहात. एक स्वर हलला की पाठ पुन्हा पहिल्यापासून." तिथून चाळीस वर्षं.

त्याच्याकडे संस्कृत शिकायला आलेली एक परदेशी मुलगी जाताना एक रेकॉर्ड त्याला देऊन गेली होती. एक व्हायोलिन, आणि त्याच्यामागे सगळा वाद्यमेळ. कॉन्चेर्तो म्हणतात त्याला, हेही आम्हाला नंतर कळलं. मोरूच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नव्हता, माझ्याकडे होता. तो पिशवीत रेकॉर्ड घालून भेलूपूरला माझ्या घरी आला, आणि त्यानंतर दर रविवारी येत राहिला. पुढे तोच कॉन्चेर्तो दुसऱ्या वादकांनी वाजवलेला आम्ही शोधू लागलो. कुणी दिल्लीला गेलं की चिठ्ठी द्यायची, कुणाचा मुलगा परदेशातून येणार असेल तर त्याच्या आईला आधीपासून गोड बोलायचं. बऱ्याच रेकॉर्डी जमल्या, पण भांडण दोनच रेकॉर्डींवरून. एक एका बाईंनी वाजवलेली, ती मोरूची. एक एका म्हाताऱ्याने वाजवलेली, ती माझी. दुसऱ्या भागाच्या शेवटी व्हायोलिन वर वर चढत जातं आणि एका बारीक सुरावर जाऊन थांबतं. म्हातारा तो सूर दाबून, ठणकावून लावतो. बाई इतका हलका लावते की श्वास रोखून ऐकावं लागतं. "म्हातारा पहिलवान आहे यार, कुस्तीच्या दंगलीत सोड त्याला," मोरू म्हणायचा. मी म्हणायचो, तुझी बाई भित्री आहे. या भांडणात किती चहा झाला याचा हिशेब माझ्या बायकोने, सुमनने, कधी मागितला नाही, हे तिचे उपकार.

मोरूची ऐकायची रीत त्यांच्या घरातली होती. त्यांच्याकडे वेद म्हणताना स्वराबरोबर हात हलतो. स्वर खाली गेला की हात खाली, वर गेला की वर. लहानपणी हात चुकला की वडील मनगटावर मारायचे, म्हणून व्हायोलिन ऐकतानाही डोळे मिटलेले आणि उजवा हात सुराबरोबर चाललेला. मला आधी हसू यायचं, मग सवय झाली. शेवटी शेवटी तर मी व्हायोलिनपेक्षा त्या हाताकडेच जास्त बघायचो.

दीड वर्षापूर्वी एका रविवारी बाईंची रेकॉर्ड ऐकताना मला एक नवीनच गोष्ट सापडली. तो वरचा सूर लावून बाई चक्क तो सोडून देते, आणि वाद्यमेळ परत येईपर्यंत सगळं शांत. इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी मोकळेपणाने म्हटलं, "मोरू, हरलो बाबा. ही शांतता म्हाताऱ्याला जमली नसती." वाटलं, हा आता छाती फुगवेल, नाहीतर नेहमीसारखा वाद घालेल. पण तो माझ्याकडे नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "हो गुरू. बरोबर आहे." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मोरू आणि न भांडता कबूल? त्यानंतर मी काहीही म्हणावं, त्याचं आपलं "बरोबर आहे." आणि मग मी त्याचा हात बघितला. बाई सूर सोडून गप्प झालेली, खोलीत एवढासाही आवाज नाही, आणि याचा हात तसाच वर, हवेत! तेव्हा मला उलगडलं. याला ऐकूच येत नाही आता. आठवणीवर हात चालवतोय आणि मला बनवतोय.

मी त्याला सापळा लावला. बाईंची लावतो म्हणून सांगितलं आणि म्हाताऱ्याची लावली. मोरूने डोळे मिटून सगळं ऐकलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाला, "वा, बाईंचं काय सांगावं." पकडला, मी मनात म्हटलं. खोटी सही पकडल्यावर व्हायचा तसाच आनंद झाला मला, लपवत नाही. त्या दिवसापासून मी आवाज मोठा ठेवू लागलो, त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागलो. तो खुर्ची जरा मागे सरकवायचा. मला वाटायचं, लपवतोय. शेवटच्या भेटीत मी सरळच म्हटलं, "मोरू, कान दाखवून घे. मी येतो बरोबर." तो म्हणाला, "चल की. दोघंही दाखवून घेऊ." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? तो हसला, "काही नाही रे. मला सोबत." पण जाणं राहून गेलं.

दिवस झाल्यावर, तीन आठवड्यांनी, मी दुर्गाघाटाला गेलो. वैदेहीने चहा दिला, समोर बसली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत जरा मोठ्याने म्हणाली, "काका, कान दाखवलेत का तुम्ही?"

"मी? कान तर मोरूचे गेले होते."

ती माझ्या जरा जवळ सरकली. मग म्हणाली, "बाबांना तर गल्लीतून दूधवाल्याची सायकल आलेली तिसऱ्या मजल्यावर कळायची. ते तुमच्याबद्दल म्हणायचे, नानाला बारीक सूर ऐकू येत नाही आता. बाई वाजवत असते आणि हा म्हणतो शांतता आहे. एक दिवस तुम्ही दुसरीच रेकॉर्ड लावून बाईंची म्हणालात ना... त्या दिवशी घरी येऊन ते नीट जेवलेच नाहीत. म्हणाले, आता त्याला रेकॉर्डही ओळखता येत नाही. मी म्हटलं, मग त्यांना सांगा ना, इसमें क्या है? तर म्हणाले, आयुष्यभर त्याने दुसऱ्यांवर संशय घेतला, आता स्वतःच्या कानावर घ्यायला लावू? रविवार बंद करून टाकेल तो."

माझा विश्वास बसला नाही. सून सासऱ्याचीच बाजू घेणार, असं पुटपुटत मी गल्ल्यांतून बाहेर आलो. मैदागिनच्या चौकात रिक्षात बसेपर्यंत मी मोरूला मनातल्या मनात उलट प्रश्न विचारत होतो. तो उत्तर देत नव्हता, आणि मला त्याचा इतका राग आला होता की रिक्षावाल्याला "कहाँ चलना है, बाबूजी?" दोनदा विचारावं लागलं.

घरी आल्यावर चपला न काढताच मी बाईंची रेकॉर्ड लावली. सुमन कणीक मळत होती, तिला तशीच हाक मारून दारात उभी केली. व्हायोलिन चढत गेलं, वर जाऊन पोचलं आणि थांबलं. खोली शांत झाली. मी म्हटलं, "ऐकलंस? इथे सोडला तिने सूर."

सुमनने कान जरा पुढे केला. "कुठे सोडलाय? चालू आहे की. अगदी बारीक आहे, पण चालू आहे."

मी खुर्चीत बसलो. डोळे मिटले आणि उजवा हात वर केला. म्हटलं, "थांबला की सांग."

ती बराच वेळ काही बोलली नाही.