लिंबूटिंबू आणि इंग्लंडच्या मॅडम

नवी मुंबईत पावणे गावातल्या आमच्या कारखान्यात तेलाच्या पंपात बसणाऱ्या रबराच्या रिंगा बनतात. मी तिथे तपासणीला आहे. इंग्लंडातली एक कंपनी आमचा माल घ्यायला लागली, तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी त्यांच्या मॅडमशी व्हिडिओ कॉल असतो. बोलायचं साहेबांनी आणि नमुने कॅमेऱ्यासमोर धरायचे मी, अशी वाटणी.

पहिल्याच कॉलला मॅडम म्हणाल्या, 'द बॉल इज इन युवर कोर्ट.' साहेबांनी मान डोलावली, मीही डोलावली. अर्थ कळायला फार अक्कल लागत नाही. आता तुम्ही काय ते बघा, एवढंच. पण माझं डोकं तिथेच अडकलं. कुठला बॉल? बॅडमिंटनला तर फूल असतं. खांदेश्वरला घरी पोचेपर्यंत मला दुसरं काही सुचेना.

ही माझी खोडच आहे. मराठीत आपण खो घालतो, शड्डू ठोकतो, एखाद्याची दांडी गुल करतो, पण ते खेळ आपण अंगणात बघितलेले असतात, कोणाला विचारावं लागत नाही. मॅडम मात्र बोलता बोलता मैदानात उतरायच्या आणि मला मैदानच माहीत नसायचं. याचा मला भारी राग यायचा. नवऱ्याला खेळ बघायचं वेड, स्वतः सोफ्यावरून हलणार नाही. त्याला म्हटलं, आता तुझ्या वेडाचा काहीतरी उपयोग होऊ दे. मग त्याने मला टेनिस दाखवलं, 'जम्प द गन' कळावं म्हणून पिस्तूल वाजायच्या आधीच पळालेला धावपटू दाखवला. हार मानणे म्हणजे 'थ्रो इन द टॉवेल', हे कळल्यावर आम्ही अख्खा रविवार बॉक्सिंग बघितलं. एकही टॉवेल पडला नाही. मार खाणारा रक्तबंबाळ झाला तरी कोपऱ्यातला त्याचा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून ढिम्म उभा. फेक ना मेल्या, मी टीव्हीवर खेकसले. तुला मॅच बघायचीय की टॉवेल, नवऱ्याने विचारलं. टॉवेल, मी म्हटलं.

एका गुरुवारी मॅडम 'स्टिकी विकेट' म्हणाल्या आणि मला राहवेना. क्रिकेट तर आपलंच. विकेट चिकट कशी होईल? मोडक्यातोडक्या इंग्रजीत सरळ विचारूनच टाकलं. मॅडम खूश झाल्या. पूर्वी म्हणे खेळपट्टी झाकत नसत; ती पावसात भिजायची आणि वर ऊन पडलं की चेंडू वाट्टेल तसा उडायचा, फलंदाजाचे हाल. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

कॉल संपला आणि साहेबांनी मला फैलावर घेतलं. कामाच्या मीटिंगमध्ये शाळा भरवायची नाही, यापुढे तोंड उघडायचं नाही, नुसते नमुने धरायचे. शिवाय दिवाळीनंतर फाडफाड इंग्रजी बोलणारी एक मुलगी येणार होती. नमुनेही तीच धरेल, म्हणाले.

मला रडूच आलं. बढतीबिढती नको होती मला. मला ती खोली हवी होती, आठवड्यातून एकदा, जिथे कधी कुठला खेळ निघेल सांगता येत नसे. लहानपणी गल्लीत सगळ्यांत धाकटी मी, म्हणून लिंबूटिंबू. लिंबूटिंबू कितीदाही सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही आणि जिंकला तरी कोणी धरत नाही. एवढी घोडी झाले, पोरं कॉलेजात गेली, आणि आता पुन्हा लिंबूटिंबू.

पुढच्या गुरुवारांना मी गप्प. एकदा मॅडमनी नव्या मापाच्या रिंगा शुक्रवारी निघतील ना, असं विचारलं. त्या रिंगा खाली तेलात बुडवून ठेवल्या होत्या. फुगल्यात की टिकल्यात, मी अजून बघितलंच नव्हतं. साहेबांना घाई. ते 'यस' म्हणायला तोंड उघडतात तोच माझी मूठ आपोआप ओठांवर गेली. मुठीचा मुका घेतला आणि मी म्हणाले, 'टाइमप्लीज.'

शप्पथ, मला ते चोख इंग्रजी वाटलं. दोन्ही शब्द त्यांचेच की. आपल्याकडे पोरं धावता धावता ते ओरडतात आणि ज्याच्यावर राज्य असतं तोसुद्धा हात मागे घेतो. इंग्लंडातही असंच चालत असणार, असं मी धरून चालले होते. साहेबांनी कपाळाला हात लावला. तेही बेलापुरात टाइमप्लीज ओरडतच मोठे झालेले.

पण मॅडम थांबल्या. सावकाश बघा, म्हणाल्या. मी खाली पळाले, रिंगा तेलातून काढून मापल्या. फुगल्या होत्या. वर येऊन साहेबांच्या कानात सांगितलं. ते मॅडमना म्हणाले की शुक्रवारी जमणार नाही, रबर बदलावं लागेल. मॅडमचा चेहरा पडला, पण ठीक आहे म्हणाल्या. मी नमुने आवरून उठत होते, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. मघाचं ते मुठीचं कुठल्या खेळातलं, त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

'सगळ्याच खेळांतलं, मॅडम,' मी माझ्या इंग्रजीत म्हणाले. 'ज्याला खेळात कोणी धरत नाही, त्याने म्हटलं तरी सगळ्यांना थांबावं लागतं.'

मॅडमनी मूठ वळली आणि हनुवटीला लावून बघितली.

'तसं नाही, मॅडम,' साहेब पुढे वाकून म्हणाले. 'मुका घ्यायचा. नाहीतर धरत नाहीत.'