पाठमोरा

माझ्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळे ‘खांब’ म्हणत. पुरातत्त्व मंडळाच्या खोदकामावर त्यांची नोकरी काय, तर फोटो काढताना खड्ड्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी धरून उभं राहायचं. भिंत किती उंच ते बघणाऱ्याला कळावं म्हणून. छायाचित्रकाराची ताकीद होती: पाठ करायची आणि ‘झालं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. चेहरा दिसला की लोक चेहराच बघतात, भिंत राहते बाजूला.

मी जन्मभर नाटकात कामं केलेली बाई. प्रेक्षकांकडे पाठ केली की आमचे मास्तर विंगेत नेऊन कान उपटायचे. “भाऊजी, तुम्हाला तर त्याचाच पगार!” असं मी म्हटलं की ते खळखळून हसायचे. त्या हसण्यावर मी एखादी भूमिका ओवाळून टाकली असती.

मंडळानं जुने फोटो इंटरनेटवर टाकले. यातल्या माणसांना कुणी ओळखतं का, असंही विचारलं. खांब इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात हजर.

“वहिनी, चला साक्षीला. एकदा माझं नाव लागू दे तिथे. मुलाला वाटतं, मी थापा मारतो.”

कार्यालयातल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. तीच काठी, तीच पाठ. खाली नाव भलत्याचंच.

“एका कुटुंबानं कळवलंय. त्यांचे आजोबा होते म्हणे.”

“अहो, मी जिवंत उभा आहे की समोर!”

“चेहरा नाही ना, काका. ओळखायचं कसं?”

“उभे राहून दाखवा,” शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं आणि त्यांच्या हातात छत्री दिली. खांब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाठीला बाक आलेला.

“फोटोतला सरळ आहे हो!”

हशा पिकला. हशे मी पुष्कळ घेतलेत. असा नको होता.

“हेच ते!” मी ठेवणीतला आवाज लावला.

“तुम्ही होता तिथे, आजी?”

नव्हते.

“वाईट वाटून घेऊ नका,” बाई म्हणाल्या. “लोकांनी किती छान लिहिलंय बघा.” आणि त्या मोठ्यानं वाचू लागल्या. “‘नशीबवान आहात. आमचे वडीलही तिथेच होते. पण फोटोत यावं असं त्यांनी काही केलंच नाही.’” खालचं नाव वाचलं. खांबांच्या मुलाचं.

छत्री हलली नाही.

“झालं, भाऊजी,” मी म्हणाले. “चला.”

ते वळले नाहीत.