न पोचवलेला निरोप

कन्या शाळेच्या खो-खो संघामागे आम्ही सात-आठ आया होतो. कोणी मैदानावर पाणी मारायचं, कोणी चुन्याच्या रेघा आखायच्या, कोणी पोरींच्या सोललेल्या गुडघ्यांना हळद लावायची. माझ्याकडे काम होतं जिभेचं. शाळा तालुक्याला, आमचं गाव तिथून पाच किलोमीटर, आणि तेव्हा घरोघरी मोबाइल नव्हते. सरावाची वेळ बदलली किंवा सामन्याचा दिवस बदलला, की खेळाच्या मॅडम आमच्या घरच्या फोनवर कळवायच्या. संघात आमच्या गावच्या तीन पोरी. एक माझीच लेक, ती राखीव खेळाडू. उरलेल्या दोघींच्या घरी निरोप मी पोचवायचा.

त्या जिभेचा मला भारी गर्व होता. पोरगी हाफपँट घालून खेळणार नाही म्हणणाऱ्या एका आजोबांना मी त्यांच्याच ओट्यावर बसून गप्प केलं होतं. "पोरगी धावून राह्यली, त तुमचं काय झिजून राह्यलं?" असं तोंडावर विचारलं होतं. यांच्यामुळेच आपला संघ उभा आहे, असं मॅडम सगळ्यांसमोर म्हणायच्या. ते ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

संघातली सगळ्यात चपळ पोरगी आमच्याच गावात विहारामागच्या गल्लीत राहायची. दहावीत होती. तिची आई आमच्याच शेतात कापूस वेचायला यायची. पोरीला खेळू दे म्हणून तिच्या मागे लागले होते तीही मीच. एक दिवस कमरेचं कापसाचं फडकं सोडता सोडता ती मला म्हणाली, "बाई, जिल्ह्याच्या सामन्यात निवड झाली अन् खेळाच्या होस्टेलात गेली, त शिकन पुढं. नाही त दहावीपर्यंतच. त्याच्यावर माह्याच्यानं होत नाही." तेव्हा मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं की निवड होणारच, तू फक्त तिला अडवू नको.

जिल्ह्याचा सामना यवतमाळला होता, सोमवारी. तिकडे शेतात कापूस एकदम फुटला होता. कापसाची ती वर्षंच वाईट. आधी अळीनं अर्धी बोंडं खाल्ली, उरलेल्याला भाव नाही, आणि सगळ्यांची वेचणी एकाच वेळी आल्यानं बाया मिळेनात. शुक्रवारी दुपारपासून आभाळ भरून आलं. फुटलेला कापूस भिजला की पिवळा पडतो, मग व्यापारी त्याला हातही लावत नाही. माझं सगळं लक्ष वर होतं. संध्याकाळी फोन वाजला. सामना उद्यावर आला होता, पोरींनी सकाळी सहाच्या एसटीनं निघायचं होतं.

पहिल्या घरी निरोप दिला. दुसरं घर तिचं. तिची आई दारात भांडी घासत होती. मला बघून तिनंच विषय काढला. "बाई, उद्या पोरीले बी आणतो वेचाले. तिचा हात लय चालते. तिचा सामना सोमवारी हाय ना?"

मी हो म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

गल्लीच्या तोंडाशी मी थांबले होते, हेही सांगायला हवं. मागे फिरता येत होतं. पण मनाशी म्हटलं, एक पोरगी नसली म्हणून संघ काय मरतो? निवड काय, पुढच्या वर्षी होईल. पुढच्या वर्षी ती शाळेत नसणार हे मला चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी ती आली. दोन्ही हातांनी वेचत बाकीच्या बायांच्या कितीतरी पुढे गेली. दुपारी शेताच्या कडेला धुऱ्यावर जेवायला बसलो तेव्हा माझ्याजवळ सरकून म्हणाली, "काकू, सोमवारी तुम्ही येसान ना? तुम्ही वरडल्या का मले जोर येते." मी माझ्या डब्यातली भाजी तिच्या भाकरीवर वाढली. नको म्हणाली तरी आणखी वाढली. आणि पाऊस काही आला नाही. चार वाजेपर्यंत ऊन पडलं.

संध्याकाळी लेक परतली. संघ हरला होता. त्या पोरीच्या जागी माझ्या लेकीला उतरवलं होतं आणि ती पहिल्याच डावात बाद झाली होती. "आई, ते काहून नाही आली? तू निरोप देला नव्हता काय?"

"देला होता," मी म्हणाले. दुसरं खोटं पहिल्यापेक्षाही सोपं गेलं.

सोमवारी मैदानावर मॅडमनी त्या चपळ पोरीला सगळ्या पोरींसमोर उभं केलं. सामना होऊन गेल्याचं तिला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी पाण्याच्या माठाजवळ इतर आयांबरोबर उभी होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, सगळ्या माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटत होतं. बघत कोणीच नव्हतं.

"निरोप मिळाला होता की नाही?" मॅडमनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी सोसला असता. उद्या काम आहे का, हे विचारताना तिची आई जशी माझ्याकडे बघायची, तशी ती बघत होती.

"भेटला होता, मॅडम. मायले बरं नव्हतं म्हणून नाही आली."

"जिल्ह्याची निवड करणारे समोर बसले होते, आणि तू घरी बसलीस. उद्यापासून सरावाला येऊ नकोस."

मला तेव्हा बोलता आलं असतं. गावभर ज्ञान वाटणारी माझी जीभ टाळूला चिकटून बसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय? खरं बाहेर आलं असतं तर माझा मोठेपणा गेला असता, इतकंच. पण आपल्या आईचं काम जाईल, हे त्या पोरीच्या डोक्यात आलं होतं. मी तिच्या आईला कामावरून काढलं नसतं, असं मी आज म्हणते. तिला तशी खात्री वाटली नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही.

पोरी खेळायला लागल्या तशी ती दप्तर उचलून माझ्याकडे आली. वाटलं, आता चार शब्द सुनावेल. सुनवावेत अशी माझी इच्छाही होती. तिनं आवाज खाली घेतला.

"काकू, आता सकाळची प्रॅक्टिस नाही मले. शाळेच्या आधी मायसंगं येत जाऊ काय वेचाले?"

कापूस अजून झाडावर होता आणि बाया कमी पडत होत्या. मी तिला ये म्हणाले.