तिच्या हातचा काकडी-पाव

मी अन् माह्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे काकडी चिरणं. आजही बाजारात कोणी काकडी मोडली का त्या वासानं मी मनानं त्या रविवारातच जाऊन बसतो. आंधळगावात उन्हाळ्याच्या रविवारी आम्ही आमचा हातमाग बंद ठेवत होतो. चूलही पेटवत नव्हतो. पावात काकडी, कांदा अन् सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी चटणी, झालं जेवण.

"पातळ चिरा जी, बैलाले चारता का?" म्हणून त्या रविवारी ती हसली. उरलेले पाव तिनं डब्यात झाकून ठेवले. दुपारी झोपली ते उठलीच नाही. संध्याकाळी तिले नदीवर पोचवून आलो.

सकाळी माही लहान बहीण घरातलं भरलेलं पाणी ओतून आली अन् तिनं डबा उचलला.

"मयताच्या घरचं अन्न फेका लागते, दादा."

"पाणी ओतलं, मी काही बोललो नाही. हे तिच्या हातचं हाय. फेकू काहून?"

"लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे. त्यायच्या बायका जित्या हायेत."

पाव भिजून गेले होते, चटणी आंबली होती. मी ओसरीवर जमलेल्या साऱ्यायच्या समोर बसलो, एकेक पाव खाल्ला अन् बोटानं डबा पुसून काढला.